लष्करभरतीच्या याद्या व खानदेशची बोली : कांहीं साधनांचें परीक्षण

सक्तीच्या लष्करभरतीनें राष्ट्र भाषेच्या रेघेवर दुभंगतें, असें विधान पहिल्या महायुद्धावरील लेखनांत पुष्कळदा आढळतें. त्याच्या पुष्ट्यर्थ कॅनडाचा दाखला दिला जातो. आणि त्यावरून पुढें असेंहि अनुमान काढण्यांत येतें कीं, ज्या अर्थीं हिंदुस्थानांत हिंदी माणसावर सक्ति नव्हती, त्या अर्थीं येथें भरतीचा व भाषेचा कांहीं संबंधच आला नाहीं. या अनुमानाचा पूर्वार्ध आम्हांस अपुरा वाटतो व उत्तरार्ध चुकीचा वाटतो. माणसें एकमेकांपासून वेगळीं पडलीं तीं सक्तीच्या कायद्यानें, कीं कायद्याच्या आधीं तयार होऊन बसलेल्या याद्यांनीं, हा येथील मुख्य प्रश्न आहे. आणि याद्या म्हणजे तर आम्हां कागद जमविणारांचा नित्याचा व्यवहार. कैफियत असो, जमाबंदी असो, कीं हजिरी असो, यादी कोणीं, कशासाठीं व कोणाला विचारून केली हें पाहिल्यावांचून तिच्यांतील एकहि रकाना जाणता संशोधक खरा धरीत नाहीं. तोच नियम अलीकडच्या छापील याद्यांना मात्र आपण लावीत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

प्रस्तुत लेखांत आम्ही तीन साधनांची परीक्षा करणार आहों. पहिलें, भरतीच्या अधिकाऱ्यांसाठीं मेजर बेथम यांनीं लिहिलेलें व १९०८ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘मराठे व दखनी मुसलमान’ हें हस्तपुस्तक. दुसरें, ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषापाहणीचे मराठी व खानदेशी यांसंबंधींचे भाग. तिसरें, युद्धकाळीं टपाल तपासणाऱ्या कचेरीनें उतरून घेतलेलीं शिपायांचीं पत्रें. कसोटीसाठीं गांव घेतला आहे तो जळगांवापासून दोन कोसांच्या आंतबाहेर असलेला असोदा. हा गांव निवडण्याचें कारण यथास्थळीं कळेल.

प्रथम कॅनडाची हकीकत थोडक्यांत पाहूं. कारण मूळ विधान तेथूनच निघालें आहे. १९१४ च्या ऑगस्टांत इंग्लंडनें युद्ध पुकारलें, त्याबरोबर कॅनडाहि त्यांत ओढला गेला. पहिलीं तीन वर्षें तेथील भरती ऐच्छिक होती. १९१७ च्या मे महिन्यांत मुख्य प्रधान बॉर्डन यांनीं सक्तीचा मनोदय जाहीर केला; २९ ऑगस्ट रोजीं कायदा झाला; आणि १७ डिसेंबरच्या निवडणुकींत फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांताच्या ६५ जागांपैकीं ६२ जागा सक्तीच्या विरुद्ध असलेल्या लोरिए यांच्या पक्षास मिळाल्या. पुढील वर्षीं मार्चअखेर क्वेबेक शहरांत दंगा उसळला व १ एप्रिल रोजीं सैन्याच्या गोळ्यांनीं चार नागरिक मेले. दुसऱ्या महायुद्धांत २७ एप्रिल १९४२ रोजीं याच प्रश्नावर लोकमत घेतलें, तेव्हांहि एकंदर देशाचा कौल होकाराचा पडला व क्वेबेकचा नकाराचा. इतकें वाचून कोणीहि म्हणेल कीं, कायदा हीच कुऱ्हाड व भाषा हीच तिची धार.

परंतु साधनें उलगडून पाहिलीं म्हणजे चित्र इतकें सरळ राहत नाहीं. १९१७ सालीं फ्रेंच भाषिकांवर मुख्य आरोप असा होता कीं, ते आपल्या वांट्याइतके सैन्यांत आले नाहींत. हा वांटा मोजला कशावरून? भरतीच्या वेळीं शिपायाकडून जो नमुना भरून घेत, त्यांत जन्मस्थान होतें, धंदा होता, विवाहाची चौकशी होती, धर्मपंथहि होता; मातृभाषेचा रकाना नव्हता. म्हणून फ्रेंच बोलणारे शिपाई नेमके किती, हें कोणालाच निश्चित सांगतां आलें नाहीं, आणि आजहि सर्व आंकडे अंदाजाचेच आहेत. उलट, पहिल्या तुकडींत गेलेल्या लोकांपैकीं अर्ध्यांहून अधिक लोक खुद्द ब्रिटनमध्यें जन्मलेले होते. म्हणजे कॅनडांत जन्मलेला इंग्रजी भाषिकहि आरंभीं फारसा उतावीळ नव्हता. कायदा झाल्यावर पहिल्या वर्गांतील सुमारे चार लाख तरुणांनीं नांवें नोंदविलीं, त्यांतील ३ लाख ८० हजारांवर लोकांनीं सूट मागितली. हे सारे कांहीं क्वेबेकचे नव्हेत. ओंटारिओचा इंग्रजी बोलणारा शेतकरीहि आपला मुलगा नांगरावर राहावा म्हणून अर्ज करीतच होता. फूट होती, तिला कारणेंहि होतीं. ओंटारिओ प्रांतानें १९१२ सालींच शाळांतून फ्रेंच भाषेस आंखडतें स्थान देऊन ठेवलें होतें, आणि सैन्याचा कारभार बहुतेक इंग्रजींत चाले. परंतु जो आंकडा कोणाच्याच दप्तरीं नव्हता, त्या आंकड्यावर एका भाषेच्या माणसांना भ्याड ठरविण्यांत आलें, ही गोष्ट साधनपरीक्षकानें विसरतां कामा नये. रकाना रिकामा होता. तो पूर्वग्रहानें भरला.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. येथें सक्तीचा कायदा मुळींच झाला नाहीं असें नव्हे. १९१७ च्या संरक्षक दलाच्या कायद्यानें सक्ति बसविली; पण ती युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांवर. हिंदी माणसास त्याच दलांत स्वेच्छेनें नांव देण्याची मोकळीक होती. पुढें १९४० सालींहि तोच कित्ता गिरविण्यांत आला. म्हणजे येथें कायद्यानें रेघ ओढली ती भाषेवर नसून वंशावर ओढली. हिंदी माणसाच्या बाबतींत सक्तीचें काम यादीकडे सोंपविलें होतें. महायुद्धाच्या चार वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार लढाऊ शिपाई भरती झाले. त्यांपैकीं जवळजवळ साडेतीन लाख एकट्या पंजाबचे, तर मुंबई इलाख्याचे चाळीस हजारांच्या आसपास. हा फरक शौर्याचा नाहीं. कोणत्या जाती ‘लढाऊ’ व कोणत्या ‘बिनलढाऊ’, याचा जो तक्ता लष्करी खात्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्का केला, त्याचा तो परिणाम आहे. ज्या पंजाबाचें नांव तक्त्यांत वर होतें, त्याच पंजाबांत ऐच्छिक भरतीच्या नांवाखालीं गांवोगांव काय जुलूम झाला, त्याच्या कहाण्या १९१९ च्या हत्याकांडानंतरच्या चौकशींत बाहेर आल्या. यादींत नांव नसणें हा अपमान, व नांव असणें ही वेठ, अशी ती स्थिति होती.

या ठिकाणीं १९१८ सालचा एक प्रसंग ध्यानांत घेण्याजोगा आहे. एप्रिलअखेर दिल्लीस युद्धपरिषद भरली. १० जून रोजीं मुंबईस गव्हर्नर विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखालीं प्रांतिक परिषद झाली व तींत लोकमान्य टिळकांना मध्येंच अडविल्यामुळें ते सभा सोडून गेले. त्याच सुमारास गांधीजी खेडा जिल्ह्यांत भरतीसाठीं पायपीट करीत होते, व त्यांस फारच थोडे लोक मिळत होते. टिळकांनीं गांधीजींकडे पन्नास हजारांची हुंडणावळ पाठवून पैज मांडली ती अशी : हिंदी लोकांस सैन्यांत अधिकाराच्या जागा देण्याचें वचन सरकारकडून अगोदर मिळवा, म्हणजे आम्ही महाराष्ट्रांतून पांच हजार माणसें देऊं. गांधीजींनीं ती रक्कम परत केली. त्यांस मदतींत सौदा नको होता. या पैजेच्या राजकारणांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. आम्हांस लक्षांत आणावयाचें तें इतकेंच कीं, टिळकांनीं मोजणीचें माप म्हणून ‘महाराष्ट्र’ हा शब्द घातला. ज्या मुलखांत मराठी बोलली जाते, त्या मुलखांतील कोणींहि यावें, असा त्याचा सरळ अर्थ. सरकारचें माप निराळें होतें. तेथें महाराष्ट्र नांवाचा रकाना नव्हता. ‘मराठे’ नांवाचा वर्ग होता. एकाच प्रश्नाचीं हीं दोन मापें समोरासमोर ठेवलीं म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

आतां बेथम यांचें पुस्तक. हें पुस्तक निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. अशा मालेंतील इतर पुस्तकांप्रमाणेंच त्यांत वर्गाचा इतिहास, चालीरीति, कुळें, सणवार व भरतीचे प्रदेश यांची माहिती नीट मांडलेली आहे, आणि एका परक्या अधिकाऱ्यास आपल्या शिपायाशीं माणुसकीनें वागतां यावें हा हेतुहि त्यांत दिसतो. परंतु पुस्तकाचें नांवच पाहा : ‘मराठे व दखनी मुसलमान’. शीर्षकांत दोन नांवें आहेत. एक जातीचें, दुसरें धर्माचें. या दोहोंना एका कवेंत घेणारी जी गोष्ट, म्हणजे पेठेंत व शिवारांत उभयतां बोलतात ती भाषा, तिला या मांडणींत वर्ग म्हणून स्थान नाहीं. साताऱ्याचा मराठा व साताऱ्याचाच मुसलमान एकाच विहिरीवर एकाच बोलींत भांडत असतील. पलटणीच्या पटावर ते दोन निराळ्या कंपन्यांत पडतात. हा दोष बेथम यांच्या अज्ञानाचा नव्हे. त्यांचा प्रश्न ‘हे लोक कोण?’ असा नसून ‘यांतील कोण घ्यावयाचे?’ असा होता, आणि पुस्तक त्या प्रश्नाचें उत्तर आहे. अडचण होते ती पुढील लेखक जेव्हां दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्या प्रश्नाचें म्हणून उतरून घेतात तेव्हां.

भरतीचा वर्ग हा स्वभावसिद्ध नसून गरजेप्रमाणें बदलतो, याला खुद्द खानदेशांत व महाराष्ट्रांत उत्तम पुरावे आहेत. इंग्रजी अमलाच्या आरंभीं खानदेशांतील भिल्ल हे कंपनीच्या कागदांत लुटारू म्हणूनच येतात. १८२५ सालीं औट्रम यांनीं धरणगांवीं भिल्लांचीच पलटण उभारली, तेव्हां तीच माणसें विश्वासू शिपाई झालीं. पुढें १८५८ च्या एप्रिलांत आंबापाणीच्या लढाईंत इंग्रजांशीं लढले तेहि भिल्लच. माणसें तींच, डोंगर तेच, बोलीहि तीच. बदलला तो रकाना. महारांची गोष्ट याहून बोलकी आहे. मुंबईच्या जुन्या फौजेंत त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांची भरती बंद झाली. १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं ती पुन्हां सुरू व्हावी म्हणून अर्ज केला. १९१७ सालीं युद्धाची निकड लागतांच १११ वी महार पलटण निघाली व १९२१ सालीं मोडली. १९४१ सालीं दुसऱ्या युद्धानें पुन्हां महार रेजिमेंट उभी केली. मराठी बोलणाऱ्या एका समाजाला सुमारे पन्नास वर्षांत यादीनें दोनदां बाहेर काढलें व दोनदां आंत घेतलें. कॅनडांत कायद्यानें सर्वांना एका रांगेंत उभें करतांच भाषेची फट दिसूं लागली. येथें यादीनें एका भाषेच्या माणसांना एका रांगेंत उभेंच राहूं दिलें नाहीं. परिणाम उलटा दिसतो, कारण मात्र एकच आहे.

दुसरें साधन भाषापाहणीचें. पाहणीचा मराठीचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला. भिल्ली भाषा व खानदेशी यांचा नववा खंड, तिसरा भाग, १९०७ सालीं. दोहोंची जुळणी स्टेन कोनो यांनीं केली. बेथम यांचें पुस्तक १९०८ चें. म्हणजे एकाच तीन-चार वर्षांच्या अवधींत सरकारच्या दोन खात्यांनीं मराठी मुलखाचे दोन नकाशे काढले, आणि ते एकमेकांशीं जुळत नाहींत. लष्करी नकाशावर भाषा नाहीं. पाहणीच्या नकाशावर भाषा आहे, पण खानदेशीला मराठींतून काढून भिल्ली भाषांच्या पंक्तीस, गुजरातीच्या बाजूला बसविलें आहे. कोनो यांचें पांडित्य मोठें, यांत शंका नाहीं. परंतु त्यांच्या हातीं सामग्री कोणती होती? जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनीं कळविलेलीं बोलींचीं नांवें, उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचें स्थानिक माणसाकडून करवून घेतलेलें भाषांतर, एखादा दुसरा उतारा, शब्दांची ठरीव यादी, आणि १८९१ च्या खानेसुमारीच्या आधारें धरलेली लोकसंख्या. कचेरींत बसून लिहून दिलेला दृष्टांत व शिवारांत बोललेलें वाक्य यांत किती अंतर असतें, हें मोडी कागद वाचणारास सांगावयास नको. शिवाय ‘खानदेशी’ हें नांव मुलखाचें आहे, बोलीचें नव्हे. मुलखाच्या नांवाखालीं त्यांतील सर्व बोली एका पोत्यांत भरल्या गेल्या कीं पुढें त्या निवडणें कठीण.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. पाहणीनें ओढलेली रेघ स्वराज्याच्या खानेसुमारींतहि टिकली. २०११ च्या खानेसुमारींत ‘खानदेशी’ हा मराठीहून वेगळा रकाना आहे, त्यांत अहिराणी मोडते, व त्याखालीं सुमारे १८ लाख ६० हजार लोक दाखविले आहेत. अहिराणी ही स्वतंत्र भाषा मानावी कीं मराठीची बोली, यावर आम्ही येथें निकाल देत नाहीं. बोलणाऱ्यांचें मत त्यांत सर्वांत वजनदार आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या रेघेवर असे वाद उभे राहतात, ती रेघ शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं कोणत्या कागदांवरून ओढली हें तरी वाद करणारांनीं पाहावें. १९६० सालीं राज्यें वेगळीं झालीं, तेव्हां डांगचा मुलूख गुजरातेकडे गेला; त्याआधींच्या वादांत डांगी बोली कोणाची, हा प्रश्न दोन्ही बाजूंनीं हिरिरीनें मांडला होता. यादीचा रकाना असा माणसांच्या दाराशीं येऊन उभा राहतो.

आतां असोदा. हा लेवा पाटीदारांच्या वस्तीचा गांव. या समाजाच्या परंपरेंत आपले पूर्वज गुजरातेंतील पावागडाकडून आले अशी समजूत आहे. त्यांची आजची बोली ती लेवा गणबोली. तिचें नातें शेजारच्या वऱ्हाडीशीं व मराठीशीं दाट. असोद्याच्या एखाद्या शेतकऱ्यास आपण वरील तिन्ही मापांनीं मोजूं. परंपरेच्या मापानें तो गुजरातेकडचा. भाषापाहणीच्या ढोबळ मापानें ‘खानदेशांतला, म्हणून खानदेशी’. लष्करी हस्तपुस्तकाच्या मापानें ‘मराठे’ या वर्गांत बसतो कीं नाहीं, याचा निर्णय भरतीच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. आणि टिळकांच्या मापानें बिनतक्रार महाराष्ट्राचा. एकाच माणसाचीं हीं चार उत्तरें. यांतील कोणतें खरें, असें विचारण्यापेक्षां, त्याच्या तोंडचें बोलणें काय आहे तें कोणी ऐकलें का, हें विचारणें अधिक सयुक्तिक होय.

सुदैवानें असोद्याचें बोलणें ऐकून लिहिलेलें आहे, आणि म्हणूनच हा गांव आम्ही कसोटीला घेतला. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजीं याच गांवीं महाजनांच्या घरीं झाला. लग्नानंतर त्या जळगांवीं आल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजीं वारल्या. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं पुत्र सोपानदेव व घरांतील एक आप्त यांनीं ऐकून उतरून घेतलीं, आणि १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं छापून निघालीं. काव्य म्हणून त्यांची थोरवी सर्वमान्य आहे; आम्ही त्यांकडे येथें केवळ साधन म्हणून पाहतों. तोंडीं सांगितलेला मजकूर, लिहिणारा हात दुसऱ्याचा, मूळ वक्त्यास वाचून पडताळतां न येण्याजोगा. म्हणजे शिपायाच्या पत्राची जी अवस्था, तीच या गाण्यांची. फरक इतकाच कीं, लिहिणारे त्याच घरचे व त्याच बोलींत वाढलेले होते, आणि बोलीचे उच्चार त्यांनीं पुस्तकी मराठींत ओतले नाहींत. उतरून घेतलेल्या मजकुरावर विश्वास केव्हां ठेवावा, याचें हें माप आहे. असें असतांहि या गाण्यांची भाषा अहिराणी आहे असें पुष्कळ ठिकाणीं छापलें जातें. खानदेश म्हणजे अहिराणी, असा यादीचा संस्कार वाचकाच्या कानापेक्षां बळकट ठरतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

संग्राहकांच्या सोयीसाठीं दोन-तीन खुणा येथें नमूद करितों. ‘मले’, ‘तुले’ यांतील ‘ले’ हा प्रत्यय पाहून कागद अहिराणीचा ठरवूं नये. तो धुळ्यापासून वऱ्हाडांतून नागपुराकडे दूरवर पसरला आहे. ‘डोळा’ चा ‘डोया’, ‘काळा’ चा ‘काया’ असा ‘ळ’ चा ‘य’ होणें हें लेवा बोलीचें ठळक लक्षण खरें, पण तो विकार शेजारच्या बोलींतहि भेटतो. एकट्या त्यावरून निर्णय करूं नये. ‘आहे’ च्या जागीं ‘शे’, व ‘माझा-तुझा’ च्या जागीं ‘मन्हा-तुन्हा’ आढळल्यास मात्र कागद अहिराणीकडे झुकतो. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसल्यामुळें व लिहिणारा बहुधा शाळा शिकलेला असल्यामुळें, बोलीचें एखादें रूप चुकून निसटलेलें दिसलें तर तें लेखनिकाची चूक न समजतां वक्त्याचा आवाज समजावा.

तिसऱ्या साधनाकडे या खुणा घेऊन गेलें कीं मोठी निराशा पदरीं येते. १९१४ च्या शरद ऋतूंत हिंदी फौज फ्रान्समध्यें उतरली. मुंबईच्या सॅपर्स व मायनर्सच्या २० व्या व २१ व्या कंपन्या २८ ऑक्टोबर रोजीं न्यूव्ह शापेल येथें लढल्या. लगोलग शिपायांचें टपाल तपासण्यासाठीं कॅप्टन हॉवेल यांच्या हाताखालीं कचेरी निघाली. तिनें निवडक पत्रांचे उतारे इंग्रजींत करून अहवालांस जोडले. ते लंडनमध्यें इंडिया ऑफिसच्या दप्तरांत सुरक्षित आहेत, आणि १९९९ सालीं डेव्हिड ओमिसी यांनीं त्यांतील एक चांगला वेंचा प्रसिद्ध केला. त्या संपादनाबद्दल आम्ही कृतज्ञ आहों. परंतु त्यांतील पत्र वाचतांना वाचकानें चार हात मोजावे : सांगणारा शिपाई, लिहून देणारा सोबती, तपासणारा अधिकारी, व भाषांतर करणारा. आपलें पत्र तपासलें जातें हें शिपायालाहि ठाऊक असे, म्हणून तो कित्येकदां आडून बोले. उताऱ्याच्या मथळ्याशीं मूळ भाषेचें नांव दिलेलें असतें. ‘मराठी’ एवढा एक शब्द जेथें येतो, तेथें बोलणारा मालवणचा कीं माणदेशचा कीं खानदेशचा, हें इंग्रजी उताऱ्यावरून कळण्याचा मार्ग राहत नाहीं. मेसापोटेमियांत तर मराठ्यांच्या पलटणींनीं फार सोसलें; १९१६ च्या २९ एप्रिलला कुत शरण गेलें, तेव्हां बंदिवान झालेल्यांत मराठी माणसें पुष्कळ होतीं. गांवच्या चावडीवर जेथें जेथें महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे, तेथें बहुधा संख्या असते. इतके गेले, इतके मेले. नांव नसतें, मग बोली कोठून असणार?

आमच्या मतावर एक आक्षेप येण्याजोगा आहे, तो आम्हीच मांडतों. याद्या नसत्या तर आज आपणांस काय कळलें असतें? कोनो यांनीं पाहणी केली नसती तर अहिराणीचे जुने छापील नमुने मिळाले नसते. लष्करानें वर्ग पाडले नसते तर कांबळे यांच्या अर्जासारख्या अर्जांना बोट ठेवण्यास जागा राहिली नसती. तपासनीस नसता तर शिपायाचा एकहि शब्द लंडनास पोंचला नसता. हें सर्व आम्हांस मान्य आहे. ज्यांना यादीनें बाहेर ठेवलें त्यांनीं त्याच यादीच्या आधारें आपला हक्क मागितला, ही गोष्ट तर विशेष मानाची. आमचा कटाक्ष याद्यांवर नाहीं. यादीला माणूस समजणाऱ्या वाचनावर आहे. कॅनडांत न भरलेल्या रकान्यावरून एका भाषेला दोष लागला. येथें भरलेल्या रकान्यावरून एक भाषा तुकड्यातुकड्यांनीं वाचली गेली. दोन्हीं ठिकाणीं वाचणारानें रकान्यापलीकडे पाहिलें नाहीं.

म्हणून शेवटीं आमच्या व्यवसायबंधूंस एक विनंती. पूर्व व पश्चिम खानदेश हे १९०६ सालीं वेगळे झालेले जिल्हे आज जळगांव, धुळें व नंदुरबार या नांवांनीं ओळखले जातात. त्यांच्या खेड्यांत दोन्ही महायुद्धांच्या वेळचीं पत्रें, मनिऑर्डरींच्या पावत्या, नांवकट्याचे दाखले अजून कोठें कोठें पेटींच्या तळाशीं असतील. आम्हीं स्वतः अनेकदां अशा पेट्यांतून सनदा व महजर तेवढे उचलले, आणि घरगुती पत्रें ‘अशुद्ध व अलीकडचीं’ म्हणून परत ठेवून दिलीं. त्यांचें पुढें काय झालें हें आज सांगतां येत नाहीं. ही चूक पुन्हां होऊं नये. असें पत्र हातीं आल्यास त्याची नक्कल करतांना एकहि रूप सुधारूं नये; पत्र कोणीं सांगितलें व कोणीं लिहिलें हें घरच्यांस विचारून लागलीच नोंदावें; आणि घरांतील वृद्ध स्त्रीकडून तें मोठ्यानें वाचून वा म्हणून घ्यावें, कारण लिहिणारानें दडविलेला उच्चार तिच्या जिभेवर अजून सांपडण्याचा संभव आहे. राजवाडे यांनीं खेड्यापाड्यांतून हिंडून कागद गोळा केले व १९२६ च्या शेवटच्या दिवशीं धुळ्यासच देह ठेवला. त्यांच्या मुलखांत कागद जमविणाऱ्यांनीं कागदाआडच्या बोलण्याकडे कान द्यावा, ही अपेक्षा अवास्तव नाहीं. भरतीच्या पटावर असोद्याच्या माणसाचा वर्ग कोणता लिहिला होता, हें एखादे दिवशीं कळेलहि. तो घरीं आईशीं काय व कसें बोलत असे, हें मात्र आजच टिपून न ठेवल्यास कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाचें नाहीं.